खिडकीतल्या रोपांना खत लागलंय

प्रिय आई,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेले फोटो मोठे करून नीट पाहिले. टोमॅटोच्या रोपांवर रोग नाही की कीड नाही, त्यांना खत लागलंय, म्हणजे जास्त खताने ती करपलीत. पानं पिवळी पडली म्हणून आणखी थोडं खत देऊ का, असं तू विचारलं होतंस. ते मात्र अजिबात करू नकोस. बाबांनाही सांग, कारण तू नसताना तेही झारीत चिमूटभर टाकतात, हे त्यांनीच मला हसत हसत सांगितलंय. म्हणजे एकाच ट्रेला दोघांचा लाड चाललाय.

कशावरून म्हणते? टोमॅटोच्या पानांची टोकं आणि कडा तपकिरी, कुरकुरीत झाल्यात आणि मधला भाग अजून हिरवा आहे. मातीवर आणि कपाच्या काठाला पांढरट खपली धरलीय. आणि सगळ्यात महत्त्वाचं, माती ओली असूनही रोपं दुपारी माना टाकतात. ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली की मला दुसरी शंका येत नाही.

खत म्हणजे शेवटी क्षारच. मुळाबाहेरचं पाणी फार खारं झालं की मुळाला ते ओढता येत नाही, उलट मुळातलंच पाणी बाहेर जायला लागतं. चिरलेल्या काकडीला मीठ लावलं की पाणी सुटतं ना, तसं. त्यामुळे ओल्या मातीत उभं असूनही रोप तहानलेलं राहतं, आणि आपण ते सुकलं म्हणून अजून पाणी ओततो. जे क्षार आत शिरतात ते पाण्याबरोबर पानाच्या टोकापर्यंत पोचतात. तिथून पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. म्हणून करपणं कडेपासून सुरू होतं.

त्यात तू वापरलास युरिया. त्यात ४६ टक्के नत्र असतं, कोवळ्या रोपाला ते झेपत नाही. मातीत युरियापासून अमोनिया सुटतो, आणि त्यानेही कोवळी मुळं भाजतात. त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू गार, चिखल झालेल्या मातीत मंदावतात, म्हणून घरातल्या ट्रेमध्ये हा त्रास जास्त. इकडे बाहेर बर्फ असताना लोक दिव्याखालीच रोपं करतात, त्यामुळे हे दुखणं मला घरोघरी दिसतं.

मिरचीच्या ट्रेचा प्रकार मात्र वेगळा वाटतो. त्यातलं एक रोप आडवं पडलंय. त्याचं खोड मातीलगत दोऱ्यासारखं बारीक झालं असेल तर ती बुरशीची मर आहे, खताचा संबंध नाही. ते रोप काढून टाक आणि त्या ट्रेचं पाणी कमी कर. आणि अगदी खालची दोन गुळगुळीत पानं, म्हणजे बीजपत्रं, पिवळी पडून गळली तर घाबरू नकोस. वर खरी पानं आली की त्यांचं काम संपतं.

आता टोमॅटोचं काय करायचं ते सांगते. आधी वरची पांढरी खपली चमच्याने हलकेच खरवडून काढ. ती तशीच ठेवून पाणी घातलंस तर विरघळून पुन्हा मुळाशीच जाईल. मग कपांना खाली भोकं आहेत ना ते बघ. नसतील तर धुण्याचा उपयोग नाही, रोपं नव्या मातीत हलवावी लागतील. भोकं असतील तर सकाळी साधं, कोमट न केलेलं पण गारही नसलेलं पाणी कडेकडेने, अगदी सावकाश सोड. कपात २०० मिली माती असेल तर निदान ४०० मिली पाणी त्यातून निथळून गेलं पाहिजे. एकदम ओतलंस तर माती वाहून रोप आडवं होईल, म्हणून थोडं थोडं. खालच्या ताटलीत जमलेलं पाणी लगेच फेकून दे. तेच परत वर शोषलं गेलं तर केलेली मेहनत वाया.

एवढं झालं की हात आवर. माती वरून कोरडी लागेपर्यंत आणि कप उचलल्यावर हलका वाटेपर्यंत पाणी नको, नाहीतर खतातून वाचलेली रोपं मरेने जातील. दोन-चार दिवस दुपारच्या कडक उन्हापासून बाजूला ठेव. करपलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही, पण पान अर्धं हिरवं असेल तर ते खुडू नकोस, रोपाला त्याचीच मदत आहे.

मातीतच शेणखत भरपूर घातलं असेल, तर धुऊन पुरणार नाही. ती रोपं धुतलेल्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात हलव. न धुतलेलं कोकोपीटही खारट असू शकतं, म्हणून हे मुद्दाम लिहिते. रोप पानाला धरून उचल, खोडाला नाही. पान फाटलं तर नवं येतं, खोड चिरडलं तर खेळ खलास. मुळं पांढरी असतील तर आशा आहे. तपकिरी, बुळबुळीत असतील आणि शेंडाही काळा पडला असेल तर सरळ नवं बी टाक. टोमॅटो उगवायला काय वेळ लागतो! आजारी रोपाची महिनाभर सेवा करण्यापेक्षा ते बरं.

नवं निरोगी पान फुटेपर्यंत खत बंद. साधारण दोन-तीन आठवडे धर. त्यानंतरही युरिया नकोच, पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) घे आणि पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव हिश्शाने सुरुवात कर. लिटरला ४ ग्रॅम लिहिलं असेल तर तू १ ग्रॅम. तेही ओल्या मातीवर, कोरड्यावर कधीच नाही. आणि ट्रेवर तारीख लिहून ठेव, म्हणजे बाबा परत घालणार नाहीत.

जुन्या पानांचे फोटो आता नकोत. शेंड्याचा पाठव.

तुझी,
लेक