गेम किती झाले विचारता, पोरं काय लिहितात तेही विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी तुमच्याकडे शाळांमधल्या कुलूप लावलेल्या कॉम्प्युटर रूमबद्दल एका वाचकाचं पत्र आलं होतं, ते वाचल्यापासून डोक्यात होतं की आपणही लिहावं. त्यांचं म्हणणं असं की मशीन आलीत पण पोरांनी त्यावर करायचं काय तेच कुणी ठरवलेलं नाही. अगदी खरंय, आणि आम्ही त्याच कामात आहोत म्हणून लिहिते.

आम्ही चौघं जण. दोघं पोरं प्रोग्रामिंग करतात, एक जण चित्रं आणि आवाजांचं बघते, आणि मी आधी प्राथमिकला शिकवायचे, आता पूर्णवेळ हेच करते. नाशिकमध्ये मखमलाबाद रोडला एका फ्लॅटच्या हॉलमध्ये बसून आम्ही पहिली ते चौथीच्या मुलांसाठी मराठीतून खेळ आणि लिहिण्याचं एक साधन बनवतोय, बाकी काही नाही. नेट लागत नाही, पेन ड्राइव्हवरून टाकता येतं, जुन्यातल्या जुन्या मशीनवर चालतं, कारण पेठ, त्र्यंबकच्या बाजूला आम्ही जातो तिथे तेच असतं, तीन पोरांत एक कीबोर्ड आणि लाइट कधी जाईल ते सांगता येत नाही.

आजवर अकरा खेळ झालेत. सगळ्यांचं सांगत बसत नाही, एकाचंच सांगते. आपल्या जिल्ह्यात येवल्याची संक्रांत म्हणजे काय असते ते वाचकांना सांगायला नको, त्यावरून आकड्यांच्या पतंगाचा खेळ केला. आकाशात पतंग, प्रत्येकावर आकडा, आवाज येतो "त्रेपन्न" आणि पोरानं ५३ चा पतंग काटायचा, खाली आसारी, म्हणजे मांज्याची फिरकी, फिरते. पहिल्यांदा आम्ही त्याला घड्याळ लावलं होतं, तीस सेकंदात जेवढे काटता येतील तेवढे काटा. वर्गात नुसता दंगा, पोरं खूश, आम्हीही खूश. मग मी एका दुसरीतल्या मुलीच्या मागे जाऊन उभी राहिले. आवाज आला "एकोणसाठ", तिनं ६१ काटला, मग ६९, मग ५१, आणि मग जे दिसेल ते भराभर काटत सुटली, कारण वेळ चालला होता ना. म्हणजे आम्ही तिला आकडे शिकवत नव्हतोच, अंदाजपंचे बटण दाबायला शिकवत होतो.

२०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "एकवीस" च्या जोडीला "वीस एक" आलं तेव्हा किती गदारोळ झाला ते आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर, त्यांना किती बोल लावले लोकांनी. मी तेव्हा शिकवत होते, आमच्या स्टाफरूममध्येही दोन तट पडलेले. कोण बरोबर कोण चूक ते आता उकरत नाही, पण त्यामागची अडचण खरी आहे हे मी रोज बघायचे, कानावर आधी एक येतो, मग वीस येतात, म्हणून पोराचा हात १२ कडे जातो. आणि एकोणसाठमध्ये तर पन्नास कुठे ऐकूच येत नाही, नऊ पण येत नाही. आता आमच्या खेळात घड्याळ नाही. आधी "एकोणसाठ" ऐकू येतं आणि कानाच्या चित्रावर पुन्हा दाबलं की "पन्नास नऊ". घड्याळ काढलं त्या दिवशी वर्ग शांत झाला, पोरं बोटं मोजायला लागली, शेजारचा सांगायला लागला "अरे साठला एक कमी", आणि मला वाटलं हां, आता हे वर्गात चालण्यासारखं झालं.

खेळांचं हे असं आहे, त्यांचं कौतुक पटकन होतं. सरपंच येतात, केंद्रप्रमुख येतात, मदत करणारे येतात, सगळे एकच विचारतात, गेम किती झाले? लिहिण्याच्या साधनाबद्दल आजपर्यंत कुणीही स्वतःहून विचारलेलं नाही. एका मदत करणाऱ्या गृहस्थांना मी उत्साहाने दाखवायला गेले तर ते म्हणाले, मॅडम टायपिंग काय मोठेपणी शिकतीलच की. पण ते टायपिंग नाहीच आहे हो. अकरा खेळांना मिळून जेवढा वेळ गेला त्याच्यापेक्षा जास्त वेळ त्या एका साधनाला गेलाय आणि अजून ते पूर्ण नाही, त्याचं थोडं सविस्तर सांगू द्या.

आपण हाताने "किती" लिहितो तेव्हा पहिली वेलांटी आधी काढतो आणि मग क. बालवाडीपासून पोरांच्या हाताला तीच सवय. कॉम्प्युटरमध्ये उलटं, आधी क दाबायचा मग वेलांटी. पोरगं सवयीने वेलांटी आधी दाबतं आणि स्क्रीनवर वेलांटी एका टिंबाटिंबांच्या गोलावर चढून बसते. "मॅडम हा गोल कुठून आला, मी नाय काढला." प्रत्येक शाळेत, अगदी प्रत्येक शाळेत हे झालंय. आता काय करायचं यावर आमच्यात दोन आठवडे वाद चालला. एक जण म्हणाला जी पद्धत आहे तीच शिकवा, इन्स्क्रिप्ट कीबोर्ड देशभर एकच आहे, डाव्या हाताला स्वर उजव्या हाताला व्यंजनं, एकदा बसला की जन्मभर पुरतो, पोराला पुढे कुठेही अडायला नको. मी म्हणत होते की तिसरीतलं पोर मनातलं वाक्य धरून बसलेलं असतं, त्या गोलापाशी ते वाक्य सुटतं आणि परत येत नाही. शेवटी असं केलं की वेलांटी आधी दाबली तर आमचं साधन ती बाजूला धरून ठेवतं आणि पुढचं अक्षर आलं की त्याला लावतं, आणि बरोबर क्रमाने दाबली तरी चालतं. चौथीत गेल्यावर ही सवलत बंद करायची का ते अजून ठरलेलं नाही, मला स्वतःला त्याची काळजी वाटते.

खोडण्याचंही तसंच. रबराने खोडलं की अख्खं अक्षर जातं. इथे "क्षे" खोडायला गेलं की आधी मात्रा जाते, मग ष जातो, मग पाय मोडका क उरतो, पोरं घाबरतात की आपण काहीतरी मोडलं. आमच्याकडे आता एका दाबात अख्खं अक्षर जातं. आणि ल! एका चौथीतल्या मुलाने मला पुस्तक आणून दाखवलं, मॅडम पुस्तकातला ल असा आणि कॉम्प्युटरचा वेगळा, खरा कोणता? शासनाने २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीवाला ल आणि देठवाला श असं ठरवून दिलेलं आहे, पण मशीनवर बहुतेक ठिकाणी हिंदी वळणाचा दिसतो, आत कोड एकच असतो, नुसता फॉन्ट मराठी म्हणून सेट करावा लागतो. दोन दिवसांचं काम होतं, पण त्या मुलाने विचारलं नसतं तर आम्ही मोठी माणसं ते बघूनही बघत नव्हतो.

सेव्हचं बटणही काढून टाकलंय. ही कल्पना आमची नाही, २००७ साली रायगड जिल्ह्यात खैरातच्या छोट्या शाळेत ते हिरवे पांढरे छोटे लॅपटॉप आले होते, वाचकांतल्या काहींना आठवत असतील, त्यात शुगर नावाची सिस्टीम होती, पोराने जे केलं ते आपोआप रोजनिशीत जमा. लिहायचा प्रोग्रामही होता त्यात, अबीवर्ड नावाच्या मोफत प्रोग्रामवर उभारलेला. पुढे २००८ पासून शुगर लॅब्ज म्हणून जगभरची मंडळी ते काम सांभाळतायत आणि सगळं मोफत, उघडं ठेवलंय, आम्ही त्यातून बरंच शिकलो. लाइट जाणाऱ्या गावात सेव्ह दाबायला पोराला कोण आठवण करणार.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते. पेठच्या बाजूची एक शाळा, जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, पोरं अर्धी ओली. मी सांगितलं काल घरी काय काय झालं ते चार ओळीत लिहा. एक मुलगा, तिसरीतला, फार बोलत नाही, सरांनी आधीच सांगितलेलं की याच्याकडून जास्त अपेक्षा ठेवू नका. त्याने एक एक बटण शोधत लिहिलं, "काल आमची आवणी होती." ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, भाताची रोपं काढून चिखलात परत लावतात ती आवणी, त्या दिवसांत अख्खं घर शेतात असतं. तेव्हा आमच्या साधनात शुद्धलेखन तपासायची सोय होती, शब्दकोशात नसलेल्या शब्दाखाली लाल रेघ यायची. "आवणी" खाली लाल रेघ आली. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, सरांकडे बघितलं नाही, गुपचूप तो शब्द खोडला आणि थोडा वेळ थांबून लिहिलं, "काल आमची शेती होती." आणि हात मागे घेतला, पुढे काहीच लिहिलं नाही.

मी मागेच उभी होते. खरं सांगते, त्या दिवशी परत येताना गाडीत आमच्यापैकी कुणीच बोललं नाही. त्याच्याकडे बरोबर शब्द होता, आमच्या मशीनकडे नव्हता, आणि चूक त्याच्या नावावर पडली. तो शब्द आमच्या यादीत का नव्हता तर आमची यादी पेपर, पुस्तकं यांच्यातून केलेली, त्यात शहरातलं सगळं होतं. आम्ही त्याच आठवड्यात लाल रेघ काढून टाकली. आता पोरं लिहितात तेव्हा मशीन काही बोलत नाही. सगळं लिहून झाल्यावर मुलाने स्वतः "बघू" दाबलं तरच माहीत नसलेले शब्द करड्या रंगात दिसतात आणि शेजारी दोन पर्याय येतात, एक "बदल" आणि दुसरा "हा माझा शब्द आहे". दुसरा दाबला की तो शब्द त्या शाळेच्या यादीत जातो आणि पुन्हा कधी करडा होत नाही. काही शिक्षकांना हे पटत नाही, ते म्हणतात अशाने ऱ्हस्व दीर्घाची शिस्त जाईल. मला त्यांची भीती कळते, मी स्वतः वह्या तपासून तपासून लाल पेन संपवलेत. पण ऱ्हस्व दीर्घ हे दुसऱ्या वाचनाचं काम आहे, आधी पोराने लिहिलं तर पाहिजे ना, कोऱ्या पानावर कसली शिस्त लावणार.

दिवाळीनंतर आम्ही त्याच शाळेत परत गेलो. त्या मुलाने नागलीच्या भाकरीवर आठ ओळी लिहिल्या, त्यातल्या दोन शब्दांचे अर्थ मला त्यालाच विचारावे लागले, म्हटलं आजीला विचारून ये. सरांनी त्या आठ ओळी वहीत उतरवून घेतल्या, म्हणाले हा एवढं लिहितो हे मला माहीतच नव्हतं.

म्हणून तुमच्या पेपरातून तीन विनंत्या करते. एक, जिल्ह्यातले जे निवृत्त गुरुजी आणि बाई हे वाचतायत त्यांनी आपापल्या भागातले शेतीचे, घरातले, पावसाचे, जनावरांचे शब्द लिहून काढावेत, सुरगाण्याचे वेगळे, बागलाणचे वेगळे, निफाडकडे द्राक्षबागेतले आणखी वेगळे, आमच्या दोन वह्या भरल्यात पण त्या पुरणार नाहीत. तुमच्या कार्यालयात आणून दिले तरी आम्ही तिथून घेऊन जाऊ. दोन, २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या या गावात मराठी दिनाची भाषणं होतात, फलक लागतात, आणि ते व्हायलाच पाहिजे, पण त्या दिवशी ज्या शाळेत कॉम्प्युटर आहे तिथे प्रत्येक पोराला स्वतःच्या मनाने पाच ओळी मराठीत टाइप करायला बसवा, आमचंच साधन वापरा असं नाही, कोणतंही वापरा. आणि तीन, मुख्याध्यापकांना, कॉम्प्युटर रूमची किल्ली बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन माहिती भरायची असली की निघते हे मला माहीत आहे, तुमच्यावर कामाचा किती बोजा आहे तेही माहीत आहे, तरी आठवड्यात एक तास पोरांना लिहायला द्या. शनिवारी सकाळची शाळा असते, शेवटचा तास तसाही सुटायच्या घाईत जातो, तो दिलात तरी चालेल.

आपली,
एक माजी प्राथमिक शिक्षिका, नाशिक