रविवारच्या नाटकाआधी

मुंबई,
गुरुवार, रात्री

प्रिय मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "बाबा, आजीला नाटकाला नेतेय, हिमालयात नाही," आणि फोन ठेवलास. उद्या रात्री मी महालक्ष्मीने आप्पांकडे निघतोय. त्यांचं ऑपरेशन शनिवारी आहे, त्यामुळे रविवारी मी तिथेच असेन. फोनवर जे धड बोलता आलं नाही ते लिहून ठेवतो. अनिकेतलाही वाचायला दे.

आधी हे सांगतो की तू आजीला रवींद्र नाट्य मंदिरला न्यायचं ठरवलंस याचा मला आनंद आहे. श्रावणात पडल्यापासून आजी दवाखाना सोडून कुठेही गेलेली नाही. तिला प्रयोगाला न्यावं हे तुला सुचलं, आम्हा दोघांना सुचलं नव्हतं.

आता जागांचं. दुसरी रांग तू प्रेमाने घेतलीस, पण ती बदलता आली तर बघ. रंगमंच उंच असतो, दुसऱ्या रांगेत तीन तास मान वर करून बसावं लागतं आणि नटांचे पाय नीट दिसत नाहीत. हे एक वेळ चालेल. पण नाट्यगृहाची जमीन रंगमंचाकडे उतरत जाते आणि प्रेक्षक बहुधा मागच्या दारांनी आत येतात. म्हणजे जितकी पुढची रांग, तितकं जास्त उतरायचं आणि संपल्यावर तितकंच चढायचं. पाचवी ते नववी रांग तोंडावरचे भाव दिसायला उत्तम. आजीसाठी मी त्याहूनही मागची, दाराजवळची घेईन. बाल्कनी मात्र कोणी फुकट दिली तरी नको.

खुर्ची कडेचीच हवी, आणि कुठली कड हेही महत्त्वाचं आहे. आजीचं ऑपरेशन उजव्या खुब्याचं झालंय. बसल्यावर तिच्या उजव्या हाताला मोकळी वाट आली पाहिजे, म्हणजे तो पाय थोडा लांब करता येईल. ऑनलाइन प्लॅनमध्ये रंगमंच कधी वर दाखवतात, कधी खाली, त्यात डावं-उजवं उलटं होतं. जाहिरातीत बुकिंगचा नंबर असतो, तिथे फोन करून "रंगमंचाकडे तोंड करून बसल्यावर उजवीकडे वाट" असं स्पष्ट विचार. त्यांच्याकडे प्लॅन समोर असतो, दोन मिनिटांत सांगतात.

पार्ल्याचं दीनानाथ नाट्यगृह आपल्याला किती जवळ, हे मी बोललो ते तुला टोचलं. मला एवढंच म्हणायचं होतं की आपल्याकडे एकच नाटक फिरत असतं. आज ठाण्याला, उद्या बोरिवलीला, रविवारी दादरला. वयस्कर माणसाला न्यायचं असेल तर नाटक ठरवावं आणि सोयीच्या नाट्यगृहातल्या प्रयोगाची वाट पाहावी. शिवाजी मंदिरला वर चढून जावं लागतं, म्हणून ते मी सुचवलंच नसतं. रवींद्र नाट्य मंदिर ठीक आहे, नूतनीकरणही झालंय. पण शनिवारी सकाळी तिथल्या व्यवस्थापकांना फोन कर. "रॅम्प आहे का?" एवढंच विचारलंस तर "आहे" म्हणतील आणि संपलं. असं विचार: फाटकापासून खुर्चीपर्यंत एकूण पायऱ्या किती, कठडा कुठल्या बाजूला, चाकाची खुर्ची सभागृहाच्या आत कुठपर्यंत जाते, लिफ्ट रविवारी चालू असते का, कमोडचं स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का. उत्तरं कागदावर लिहून घे.

आणि सगळ्यात मुख्य म्हणजे अंधार. सभागृहातल्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात. दोन रांगांमध्ये एखादीच पायरी येते आणि गालिच्यात ती दिसत नाही. नाटक सुरू होतानाच्या तिसऱ्या घंटेनंतर दिवे गेले की बाहेरच्या उजेडातून आलेल्या माणसाला काही मिनिटं काहीच दिसत नाही, आजीच्या वयात तर आणखी वेळ लागतो. म्हणून चारच्या प्रयोगाला सव्वातीनला आवारात पोचा. दारं उघडली की पहिल्यांदा तुम्ही आत जा. मागून धक्के देणारं कोणी नको.

चालताना काठी तिच्या डाव्या हातात, तू उजवीकडे. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आणि काठी आधी. उतरताना अनिकेतने तिच्या पुढे एक पायरी खाली राहायचं, चढताना मागे. दंड धरून ओढायचं नाही. तिला तुझा हात धरू दे.

खुर्च्या तिथे उठलं की मिटणाऱ्या असतात. बसताना मिटलेली बैठक कोणीतरी हाताने पूर्ण खाली दाबून धरायला हवी, नाहीतर माणूस बसतो आणि खुर्ची वर येते. बैठक खोल असते, गुडघे खुब्याच्या वर जातात, आणि डॉक्टरांनी नेमकं तेच टाळायला सांगितलंय. माझ्या खोलीतली चार इंची फोमची गादी पिशवीत घालून ठेवलीय. ती घट्ट आहे, दिवाणखान्यातली मऊ उशी नेऊ नका, ती दबते. पुढे वाकून पडलेली वस्तू उचलायची नाही हे तिला कळतं, पण पर्स पडली की ती वाकतेच. पर्स तुझ्याकडे ठेव.

पाण्याची गोळी, म्हणजे लघवी जास्त होण्याची, रविवारी सकाळी आठलाच दे. तिचा जोर पाच-सहा तास असतो, म्हणजे दोनपर्यंत ओसरेल. उशिरा दिलीस तर पहिल्या अंकात उठावं लागेल, आणि तेच मला नकोय. गोळी चुकवायची मात्र नाही. पाणीही तोडू नका, ती स्वतःहून तोडेल, तिच्यावर लक्ष ठेव. आत जाण्याआधी एकदा स्वच्छतागृहात नेऊन आण. मध्यंतर दहा-पंधरा मिनिटांचं, बायकांची रांग लांब, आणि बटाटेवड्याच्या खिडकीशी गर्दी. पडदा पडला की तू एकटी पुढे जाऊन रांगेत उभी राहा, अनिकेतने वाट मोकळी झाल्यावर आजीला सावकाश आणायचं. दुसरा अंक सुरू होऊन अंधार झाला असेल तर बाहेरच थांबा. डोअरकीपरला सांगितलंत की तो बॅटरी घेऊन सोडतो, पण तेही रंगमंचावरचा प्रवेश उजेडाचा असेल तेव्हाच. पाच मिनिटांचं नाटक बुडालं तर बुडू दे.

तिच्या कानातल्या मशीनला नवी बॅटरी घाल, ३१२ नंबरची, तपकिरी स्टिकरची. स्टिकर काढल्यावर एक-दोन मिनिटं तशीच ठेवून मग बसवायची, हवा लागल्यावरच ती पूर्ण चालते. जागा स्पीकरच्या तोंडाशी नको, मशीनमधून नुसता गोंगाट ऐकू येतो. एसी थंड असतो, शाल हवी.

हे सगळं वाचून तुला वाटेल बाबा पुन्हा भाषण द्यायला लागले. खरंच आहे, रागावू नकोस. ही तीच आजी, जी परळच्या दामोदर हॉलमध्ये संगीत नाटकं उशिरा रात्रीपर्यंत बघून सकाळी सहाला आम्हा चौघांचे डबे करायची. "वन्स मोअर" घ्यायला पहिला आवाज तिचा असायचा. तात्या लाजायचे. तिला पदं अजून पाठ आहेत, औषधांची नावं आठवत नाहीत. आत बसली की ती पाय विसरेल, ऑपरेशन विसरेल, आणि टाळ्या सुरू झाल्या की उभी राहायला जाईल. त्या वेळी दिवे पूर्ण लागलेले नसतात. खांद्यावर हात ठेव. म्हणावं, बसून वाजव.

जायचं कसं: मेट्रो तीनला मरोळ नाक्याहून थेट सिद्धिविनायक स्टेशन आहे, रविवारच्या मेगाब्लॉकचा तिला त्रास नाही. पण जमिनीखालची स्टेशनं लांबलचक आहेत आणि प्रत्येक दारापाशी लिफ्ट असेलच असं धरू नकोस. जाताना टॅक्सीच करा. रविवारी देवळाकडे गर्दी असते, नाट्यगृह अगदी जवळ, म्हणून सव्वादोनला निघा. ड्रायव्हरला समोरच्या बाजूला उतरवू देऊ नका, वळसा घालून फाटकाशीच थांबवा, रस्ता ओलांडायचा नाही. सुमाआत्या लालबागहून येणार असेल तर तिला सांग की प्रभादेवीचा पूल बंद झाल्यापासून टॅक्सी टिळक पुलाने किंवा करी रोडच्या पुलाने फिरून येते. तिने अर्धा तास जास्त धरावा. तिच्यासाठी तुम्ही दारात थांबून राहू नका, तिचं तिकीट तिच्या फोनवर आधीच पाठव. आत रेंज नसते, तुमच्या तिकिटांचाही स्क्रीनशॉट काढून ठेव.

प्रयोग संपल्यावर ती म्हणेल, "आत जाऊन भेटून येऊ." आपल्याकडे ही पद्धत आहे आणि नट मंडळी मोठ्या माणसांशी फार आदराने वागतात. मी नाही म्हणत नाही. पण पडदा पडल्या क्षणी कामगार सेट उतरवायला लागतात, गाडी भरून पुढच्या मुक्कामाला जायचं असतं. रंगमंचाच्या कडेला, विंगेत केबल, लोखंडी वजनं, उघडे खिळे, आणि उजेड एखाद्याच दिव्याचा. विंगेतून नेऊ नकोस. रंगपटाकडे, म्हणजे नटांच्या मेकअपच्या खोलीकडे, बाहेरच्या बाजूने वाट आहे का विचार, नसली तर अनिकेतने आत जाऊन निरोप द्यावा. ऐंशी वर्षांची बाई बाहेर बसलीय म्हटल्यावर कोणी ना कोणी येतंच. नाही आलं तर राहू दे. अंधारात पायऱ्या मात्र नकोत, हे शेवटचं सांगतो.

दुसऱ्या रांगेबद्दल मी जरा कडक बोललो. जागा बदलून मिळाल्या नाहीत तर तिथेच बसा. मग सगळे बाहेर पडेपर्यंत जागचे हलू नका, डोअरकीपरला सांगून ठेवा की आमच्याबरोबर आजी आहे. तिला पुढून नाटक बघायला आवडेल, हे मलाही माहीत आहे.

काठीचं खालचं रबर झिजलंय. गुळगुळीत फरशीवर ती सरकते. मरोळच्या मेडिकलमध्ये मिळेल, काठी बरोबर ने, भोकाचं माप जुळायला हवं. हे शनिवारीच कर, रविवारी दुकान बंद असतं.

घरी पोचल्यावर मेसेज कर. मी हॉस्पिटलमध्ये असेन, फोन उचलता येईलच असं नाही, पण मेसेज वाचेन.

तुझा,
बाबा