एक लांब, दोन आखूड... काका, थँक्यू!

काका नमस्कार,

फोनवर थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं, तुम्ही "ठेवतो रे, दूध उतू जातंय" म्हणून कट केलात, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय.

बाबांचा १९९० चा एक्सटी क्लोन (आयबीएमच्या एक्सटी कॉम्प्युटरची नक्कल), लग्नपत्रिका आणि जॉबवर्कच्या टायपिंगसाठी घेतलेला, कित्येक वर्षं माळ्यावर पडून होता. चालू केला तर स्क्रीन काळीठिक्कर आणि स्पीकरमधून एक लांब, दोन आखूड बीप. मी म्हटलं गेलं स्क्रीनवर चित्र पाठवणारं कार्ड, लॅमिंग्टन रोडवरून जुनं कलर कार्ड उचलून आणलं, त्याचा नऊ पिनचा सॉकेट आणि बाबांच्या हिरव्या मॉनिटरची केबल बरोब्बर जुळली म्हणजे चालणारच ना! मॉनिटर बारीक शिट्टी मारायला लागला, ती फोनवर ऐकून तुम्ही "आधी बंद कर ते!" असे ओरडलात की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

सीजीए, म्हणजे ते कलर कार्ड, साधारण १५.७ किलोहर्ट्झच्या आडव्या स्कॅनवर चालतं आणि बाबांच्या एकरंगी (मोनो) मॉनिटरला १८.४ लागतं, पिना तेवढ्या सारख्या, हे मला कोण सांगणार होतं? मॉनिटरचा फ्लायबॅक (हाय व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर) जळला असता तर तो आता मिळणार कुठे.

पण खरा उपकार बीपचा. मी तर मॉनिटरही दुसरा बघायला लागलो होतो. तुम्ही म्हणालात, अरे या मशीनला मॉनिटर जोडलाय की नाही हेच कळत नाही, मग ते मॉनिटरसाठी बोंबलेल कसं, बायोसला (मशीन चालू होताना तपासणी करणाऱ्या प्रोग्रामला) कार्डच सापडत नाहीये. बास. बाकी सगळी कार्डं काढली, बाबांचं मूळचं डिस्प्ले कार्ड, हर्क्युलिस क्लोन, बाहेर काढलं तर सोनेरी पट्ट्या काळपट पडलेल्या. पांढऱ्या मऊ खोडरबरने हलक्या हाताने घासलं (शाईचा खोडरबर वापरलास तर सोनं जाईल, हे तुम्ही तीनदा बजावलंत), आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसलं, माझे उद्योग निस्तरून, म्हणजे कलर कार्डासाठी मी बदललेले मदरबोर्डवरचे डिस्प्लेचा प्रकार ठरवणारे पाच आणि सहा नंबरचे स्विच परत ऑफ केले. एकच आखूड बीप आणि हिरवा कर्सर! बाबा काही बोलले नाहीत, नुसते खुर्ची ओढून बसले.

मल्टी आयओ कार्ड (प्रिंटर वगैरे जोडायचं) लावलं की पॉवर सप्लाय उठतच नाही, तेही तुम्ही म्हणालात तसंच निघालं, १२ व्होल्टच्या लाइनवरचा टँटलम कपॅसिटर शॉर्ट, मीटरवर जवळजवळ शून्य ओहम. नवीन आणलाय, प्लस कुठे ते दोनदा बघून लावतो.

आता राहिलं जिस्ट कार्ड, पुण्याच्या सीडॅकचं, ज्याच्यावर बाबा डॉसमध्ये मराठी टाइप करायचे. ते अजून पिशवीतच आहे. रविवारी तुम्ही आल्याशिवाय त्याला हात लावत नाही, आई म्हणतेय जेवायलाच या.

तुमचा,
शिट्टीवाला पुतण्या