‘डॉक्टर हू’चा आवाज जपून ठेवणाऱ्यांना

स. न. वि. वि.

१९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये शनिवारी संध्याकाळी टीव्हीशेजारी टेपरेकॉर्डर मांडून ‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या विज्ञानकथा मालिकेचा आवाज टिपून ठेवणाऱ्या तुम्हा सगळ्यांना हे आभाराचं पत्र. या मालिकेचे नव्वदहून अधिक भाग आज कुठेच बघायला मिळत नाहीत. ऐकायला मात्र त्यातला प्रत्येक भाग मिळतो, आणि तो तुमच्यामुळे.

मालिका २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली. पहिल्या सहा वर्षांत २५३ कृष्णधवल भाग झाले. त्यातले बहुतेक दोन इंची व्हिडिओटेपवर होते. टेप महाग, म्हणून ती पुसून पुन्हा वापरायची ही बीबीसीतली रीतच होती. कलाकारांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या, घरोघरी व्हिडिओ नव्हते, आणि रंगीत टीव्ही आल्यावर कृष्णधवल मालाला गिऱ्हाईक उरलं नाही. परदेशी विक्रीसाठी काढलेल्या १६ मिलिमीटर फिल्मच्या प्रतीही हक्कांची मुदत संपली की नष्ट केल्या जात. हे १९७८ पर्यंत चाललं. कोणाचं वैर नव्हतं. सगळं सांभाळून ठेवणं हे कोणत्याच एका विभागाचं काम नव्हतं, एवढंच.

तुम्ही मात्र ते आपलं काम मानलंत, आणि तेही पदरमोड करून. सात इंची रिळावर १२०० फूट टेप बसते. पंचवीस मिनिटांचा भाग सेकंदाला पावणेचार इंच या वेगाने घेतला तर सुमारे ४७० फूट लागतात. म्हणजे एका बाजूला दोन भाग, रीळ उलटवून आणखी दोन. साडेसात इंचाच्या वेगाला आवाज जास्त स्वच्छ येतो, पण टेप दुप्पट जाते. ‘मार्को पोलो’सारखी सात भागांची कथा पावणेचारला दोन रिळांत बसते, साडेसातला चार रिळं खाते. एवढा खर्च करून तीच टेप पुढच्या आठवड्यात गाण्यांसाठी पुसायची नाही, याला निग्रह लागतो.

मायक्रोफोन टीव्हीच्या स्पीकरसमोर ठेवणं सगळ्यात सोपं. पण त्यात खोलीचा घुमारा येतो, खुर्ची सरकल्याचा आणि कपबशीचा आवाज येतो, नेमका शेवटच्या वाक्यावर कोणीतरी खोकतं. त्या ४०५ रेषांच्या टीव्हीचा आवाज एएम पद्धतीने यायचा, त्यामुळे रस्त्यावरून मोटार गेली तरी तिच्या स्पार्क प्लगची तडतड टेपवर उमटायची. ज्यांनी टीव्हीतून थेट तार काढून रेकॉर्डरला जोडली, त्यांच्या टेपा म्हणूनच अमूल्य ठरल्या. हे जोडकाम जोखमीचं होतं. त्या काळच्या अनेक संचांची धातूची चौकट विजेच्या मुख्य तारेलाच जोडलेली असे. प्लगमधल्या तारा उलट बसल्या की चौकटीत पूर्ण दाबाची वीज, आणि तार जोडलेल्या रेकॉर्डरमध्येही तीच. मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे मुख्य तारेशी थेट जोड तोडणारा ट्रान्सफॉर्मर, घातला तरच ते सुरक्षित. हे समजून घेऊन जोडणी करणाऱ्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं.

आणखी एका गोष्टीसाठी वेगळे आभार: सुरुवातीचं संगीत न कापल्याबद्दल. टेप वाचवायला ते वगळण्याचा मोह साहजिक होता. पण घरगुती रेकॉर्डरचा वेग नेमका कधीच नसतो. रबराचं चाक झिजतं, पट्टा सैल होतो, आणि पात्रं जरा जाड नाहीतर किरट्या आवाजात बोलायला लागतात. रॉन ग्रेनर यांनी रचलेलं आणि डेलिया डर्बीशायर यांनी साकारलेलं ते संगीत मूळ रूपात शाबूत आहे. टेपवरचे सूर त्याच्याशी ताडून पाहिले की वेग किती घसरलाय ते कळतं. विजेची घरघरही इथे उपयोगी पडते. ब्रिटनमधली वीज ५० हर्ट्झची. टेपवर मुद्रित झालेली घरघर ५१ हर्ट्झवर ऐकू आली, तर टेप दोन टक्के जलद वाजते आहे. ज्या खरखरीबद्दल तुम्ही तेव्हा हळहळला असाल, तिनेच पुढे माप पुरवलं.

एकाच भागाच्या दोघातिघांनी केलेल्या टेपा हाती असल्या की काम आणखी चांगलं होतं. एकीत तडतड असते तिथे दुसरी स्वच्छ असते. दोन्ही एकावर एक वाजवून मात्र चालत नाही: वेगात बारीकसा फरक असतोच, आणि आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा होतो. वेग जुळवून एकीचा खराब तुकडा काढून तिथे दुसरीचा बसवावा लागतो, कधी एकेका शब्दापुरता.

यातून काय हाती लागलं ते ‘द मॅसेकर’मध्ये कळतं. फेब्रुवारी १९६६ मधली ही चार भागांची कथा १५७२ च्या पॅरिसमध्ये घडते. तिचा एकही दृश्य तुकडा उरलेला नाही. पडद्यावरून छायाचित्रं टिपणाऱ्या जॉन क्युरा यांची चित्रं इतर कित्येक हरवलेल्या भागांना आधार देतात, इथे तीही नाहीत. मालिकेचा नायक ‘डॉक्टर’ पहिल्यांदा साकारणाऱ्या विल्यम हार्टनेल यांची यात दुहेरी भूमिका आहे, डॉक्टर आणि एक मठाधिपती, आणि तुमच्या टेपेवर ती कानांनी ओळखता येते. त्यांचा डॉक्टर अडखळतो, मध्येच ‘हं’ करतो. मठाधिपती तोलून, थंडपणे बोलतो. एका मोठ्या नटाचं हे काम नुसत्या आवाजावर तरलं आहे.

‘द पॉवर ऑफ द डालेक्स’चे सहाही भाग हरवलेले. हार्टनेल यांच्यानंतर नायक झालेल्या पॅट्रिक ट्रॉटन यांची डॉक्टर म्हणून ही पहिलीच कथा. सोबत्यांच्या प्रश्नांना उत्तर टाळायला नवा डॉक्टर बासरी फुंकतो, आणि ते सूर टेपवर लख्ख आहेत. २०१६ मध्ये, बरोबर पन्नास वर्षांनी, या कथेची ॲनिमेशन आवृत्ती आली. तिथला प्रत्येक संवाद, प्रत्येक श्वास, दृश्याची लांबी, ओठांची हालचाल, सगळं तुमच्या ध्वनिमुद्रणावर बेतलेलं आहे.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी अजून रिळं असतील तर एक विनंती. हाताशी आलेल्या कोणत्याही मशीनवर ती लावू नका. जुनी ॲसिटेट टेप कोरडी पडून ठिसूळ होते आणि पटकन तुटते. तुटली तर तुकडे फेकू नका: ॲसिटेट सहसा सरळ तुटते, टोकं जोडता येतात. घट्ट गुंडाळीत एका थराचा आवाज शेजारच्या थरावर उतरतो आणि वाक्याआधीच त्याची पुसट चाहूल लागते. वाजवण्याआधी टेप एकदोनदा हळू पुढेमागे फिरवली की ही चाहूल बरीच कमी होते. वाजवताना हेडचा, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाचा, कोन त्या टेपेप्रमाणे जुळवावा लागतो, नाहीतर ‘स’ आणि ‘श’ बोथट ऐकू येतात. हे जाणकाराकडूनच करून घ्या. आणि रिळाच्या खोक्यावर पेन्सिलीने लिहिलेली तारीख असेल, तर ते खोकं रिळासोबतच राहू द्या.

आपले ऋणी,
‘डॉक्टर हू’चे चाहते