जुने टोपोशीट कपाटाबाहेर काढा

महोदय,

पावसाळा लागला की घाटात वाट चुकलेल्या भटक्यांच्या बातम्या आपल्या अंकात येऊ लागतात. बरेचजण मोबाईलच्या नकाशावर विसंबून निघालेले असतात, आणि त्यावर मढे घाट, उपांड्या, शेवत्या या वाटा धड सापडतीलच याची खात्री नाही.

माझ्याकडे सर्व्हे ऑफ इंडियाचं 47 एफ मधलं एक जुनं टोपोशीट, म्हणजे डोंगरांचे चढउतार आणि वाटा दाखवणारा नकाशा आहे. एक इंचाला एक मैल, म्हणजे 1:63,360. घड्यांवर फाटलेलं, पाठीमागून कापड चिकटवलेलं. 47 एफ म्हणजे रायगडापासून पुण्यापर्यंतचा मुलूख. आताच्या 1:50,000 च्या शीटवर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, 20 मीटर उंचीच्या अंतराने असतात, त्यामुळे पंधरा मीटरचा सरळ कडा दोन रेषांच्या मधोमध बेमालूम हरवू शकतो. म्हणून मी आधी तुटक रेघेची पायवाट शोधतो. ती जिथून गेली आहे तिथून सर्वेक्षणाच्या काळी कोणीतरी डोक्यावर ओझं घेऊन उतरत होतं.

2017 मध्ये सर्व्हे ऑफ इंडियाच्या ‘नक्शे’ पोर्टलवर चालू शीट फुकट मिळू लागली, 2021 मध्ये नकाशांचे नियमही सैल झाले. चांगलंच आहे. पण जुन्या आवृत्त्यांचं काय? अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणाने 1884 पासूनचे आपले टोपो नकाशे स्कॅन करून सर्वांसाठी मोकळे केले आहेत. आपलं सर्वेक्षण खातं तर 1767 चं! कोयनेचं पाणी 1960 च्या दशकात अडलं. त्या धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली गेलेली गावं आणि त्यांच्या वाटा कुठे होत्या, हे धरणाआधीच्या शीटवरच बघायला मिळेल. सर्वेक्षण खात्याच्या डेहराडूनच्या मुख्यालयातून सह्याद्रीच्या शीटच्या सगळ्या आवृत्त्या स्कॅन करून मिळवायला राज्य सरकारने पाठपुरावा करावा.

एक अडचण आहे. इंग्रजी शीटवरची नावं रोमन लिपीत, तिथे ‘नाळ’ (घळीतून उतरणारी वाट) की ‘नाल’ हे कळायला मार्ग नाही. त्यासाठी नकाशा घेऊन घाटमाथ्यावरच्या वाड्यांत जावं लागेल. या वाटांनी कोकणच्या बाजाराला ये-जा केलेली माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत, तेव्हा हे काम पुढच्या अर्थसंकल्पापर्यंत लांबवू नये.

आपला,
एक जुना डोंगरभटक्या, पुणे