नळीचा व्यास म्हणजे काडतुसाची ताकद नव्हे

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मोठ्या जनावरांच्या शिकारीसंबंधी निरनिराळ्या देशांत असलेल्या कायद्यांचा आढावा घेणारा लेख आपल्या रविवार पुरवणीत नुकताच वाचला. ०.३७५ इंचाहून लहान काडतूस मोठ्या शिकारीला कोठेच चालत नाही, असे त्यात सरसकट म्हटले आहे आणि सर्व देशांनी मिळून असा एकच किमान व्यास ठरवून टाकावा, अशी सूचनाही शेवटी केली आहे. शिकार असावी की नसावी, हा माझ्या पत्राचा विषय नाही. मी स्वतः शिकारी नाही. बंदुका आणि दारूगोळा यांच्या तांत्रिक बाजूचे वाचन मात्र अनेक वर्षे करत आलो आहे, आणि त्या आधारावर एवढेच सांगतो की लेखातले विधान चुकीचे आहे आणि त्यावर उभारलेली सूचना त्याहून अधिक चुकीची आहे.

०.३७५ हा आकडा कोठून आला, ते आधी पाहू. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूककारांनी १९१२ मध्ये या व्यासाचे मॅग्नम काडतूस बाजारात आणले. पुढे आफ्रिकेतील अनेक देशांनी हत्ती, रानम्हैस यांसारख्या अंगावर येणाऱ्या जनावरांसाठी तेच किमान मानले, आणि शिकाऱ्यांच्या बोलण्यातून तो जणू जागतिक नियम असल्याचा समज पसरला. प्रत्यक्ष कायद्याची कलमे मात्र वेगळी भाषा बोलतात. झिम्बाब्वेत हत्ती, पाणघोडा आणि रानम्हैस यांच्यासाठी किमान ९.२ मिलिमीटर व्यास आणि नळीच्या तोंडाशी किमान ५.३ किलोज्यूल ऊर्जा, अशा दोन अटी एकत्र आहेत; सिंह, जिराफ आणि ईलंड यांच्यासाठी ७ मिलिमीटर आणि ४.३ किलोज्यूल पुरतात. नामिबियाने तर व्यासाऐवजी ऊर्जेच्याच तीन पायऱ्या केल्या आहेत: हत्ती-म्हशींसाठी ५,४०० ज्यूल, कुडू-ओरिक्ससारख्या मोठ्या हरणवर्गीय प्राण्यांसाठी २,७०० आणि स्प्रिंगबोकसारख्या लहानांसाठी १,३५०.

या दुहेरी अटीचा खरा परिणाम ९.३ × ६२ (व्यास ९.३ आणि कवचाची लांबी ६२ मिलिमीटर) या जर्मन काडतुसावर दिसतो. बर्लिनच्या ओटो बॉक या बंदूककाराने १९०५ मध्ये ते तयार केले आणि आफ्रिकेतील वसाहतींमध्ये शेतकऱ्यांच्या हाती ते सर्रास होते. झिम्बाब्वेची व्यासाची अट ते सहज पूर्ण करते. पण साडेअठरा ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ७२० मीटर वेगाने सोडणाऱ्या त्याच्या नेहमीच्या भरणीतून ४,८०० ज्यूलच्या आसपासच ऊर्जा मिळते, आणि तेथे ते अडते. ०.३७५ चे काडतूस साडेपाच हजार ज्यूल ओलांडते, म्हणून ते पार होते. म्हणजे दोन्ही काडतुसांच्या व्यासांत जेमतेम पाव मिलिमीटरचा फरक असताना निर्णय होतो तो ऊर्जेवर. लेखकाने नेमकी हीच अर्धी अट वगळली आहे.

युरोपात गेलो की गोंधळ आणखी वाढतो. ०.२४३ विंचेस्टर हे १९५५ चे काडतूस घ्या. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९१ चा हरीण कायदा मोठ्या हरणांसाठी किमान ०.२४० इंच व्यास आणि नळीच्या तोंडाशी १,७०० फूट-पाउंड, म्हणजे सुमारे २,३०० ज्यूल ऊर्जा मागतो. हे काडतूस दोन्ही अटींत बसते आणि त्याने रेड डिअर मारणे तेथे कायदेशीर आहे. जर्मनीच्या संघीय शिकार कायद्यात मात्र रो डिअर या लहान हरणाला १०० मीटरवर १,००० ज्यूल पुरे असले, तरी त्याहून मोठ्या खुरी जनावरांना १०० मीटरवर २,००० ज्यूल आणि शिवाय किमान ६.५ मिलिमीटर व्यास लागतो. ०.२४३ च्या नेहमीच्या शंभर ग्रेनच्या (सुमारे साडेसहा ग्रॅमच्या) गोळीत १०० मीटरवर २,००० ज्यूलहून थोडी अधिकच ऊर्जा उरते. परंतु तिचा व्यास ६.२ मिलिमीटर भरतो, आणि तेवढ्यावरून तेच हरीण, तीच रायफल आणि तीच गोळी एका देशात कायद्यात बसते तर दुसऱ्या देशात गुन्हा ठरते. एकच जागतिक किमान ठरवायचे झाले, तर यांपैकी कोणाला चूक म्हणायचे, याचे उत्तर लेखकाने द्यावे. लेखातले ०.३७५ चे माप लावले, तर दोघेही चूक ठरतील आणि युरोपातील हरणांच्या जवळपास सगळ्याच रायफली मोडीत काढाव्या लागतील.

माझ्या मते जर्मन कायद्याची एक गोष्ट इंग्लिश कायद्यापेक्षा निःसंशय चांगली आहे, आणि ती व्यासाची नाही. ऊर्जा कोठे मोजायची, याची आहे. जनावर नळीच्या तोंडाशी उभे नसते. बोथट, हलकी गोळी हवेत वेग लवकर गमावते आणि निमुळती, जड गोळी तो टिकवते. त्यामुळे सुरुवातीला सारखी ऊर्जा असलेल्या दोन काडतुसांत १०० मीटरवर मोठा फरक पडलेला असतो. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यानेही १,००० फूट-पाउंडांची अट १०० यार्डांवरच घातली आहे.

तरीही नुसत्या ऊर्जेवर विसंबणे बरोबर नाही, कारण ऊर्जेच्या सूत्रात वेगाचा वर्ग येतो. गोळीचे वजन निम्मे केले आणि वेग १.४१ पट वाढवला की आकडा जिथल्या तिथे राहतो. पण ती हलकी गोळी मूस या भल्यामोठ्या हरणाच्या खांद्याच्या हाडावर फुटून वरवरच विखुरण्याचा धोका जड गोळीपेक्षा कितीतरी जास्त असतो. स्वीडनच्या नियमकर्त्यांनी हे ओळखले होते, असे त्यांच्या नियमावरून वाटते. तेथे सर्वांत वरच्या वर्गात गोळी किमान ९ ग्रॅमची लागते. ती ९ ते १० ग्रॅमची असेल तर १०० मीटरवर २,७०० ज्यूल हवेत, आणि १० ग्रॅम वा त्याहून जड असेल तर २,००० चालतात. वजन वाढले की ऊर्जेची मागणी उतरते, ही त्यातली खरी समज. या दुसऱ्या वाटेने १८९४ चे ६.५ × ५५ हे जुने लष्करी काडतूस आपल्या लांबट, जड गोळीच्या बळावर आजही मूसच्या शिकारीला कायदेशीर आहे. आमच्या लेखकांच्या मापाने ते खेळण्यात जमा झाले असते.

गोळीच्या घडणीबद्दल तर लेखात एक ओळही नाही, आणि हीच मला त्यातली सर्वांत मोठी उणीव वाटते. १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने अंगात शिरल्यावर पसरणारी गोळी युद्धात निषिद्ध ठरवली. ब्रिटनमधील हरणांच्या कायद्याने नेमकी तशीच, मऊ किंवा पोकळ टोकाची गोळी सक्तीची केली. यात विसंगती नाही. सैनिक जखमी होऊन लढाईबाहेर गेला तरी हेतू साधतो. जखमी हरीण पळून जाऊन दोन दिवस झुरून मरणे, हेच टाळायचे असते. उलट हत्तीच्या कवटीसमोर पसरणारी गोळी वाटेतच थांबते, म्हणून तेथे न पसरणारी भरीव गोळी लागते. एकाच व्यासाच्या दोन गोळ्यांपैकी एक योग्य आणि दुसरी क्रूर ठरू शकते, हे व्यासाचा कोणताही आकडा सांगू शकत नाही.

शिशाऐवजी तांब्याच्या गोळ्यांचा आग्रह सुरू झाल्यापासून तर जुने आकडे अडचणीचे ठरू लागले आहेत. कॅलिफोर्नियाने काँडोर गिधाडांच्या विषबाधेचा अनुभव घेऊन १ जुलै २०१९ पासून राज्यभर शिकारीत शिशाच्या गोळ्यांना मनाई केली. तांब्याची घनता शिशापेक्षा कमी, दर घन सेंटिमीटरला ११.३ ग्रॅमच्या जागी ९ ग्रॅमच्या आत. त्यामुळे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते आणि जुन्या नळीतील आट्यांचा, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खोबणींचा, पीळ तिला स्थिर फिरवायला अपुरा पडतो. स्कॉटलंडच्या १९८५ च्या आदेशात मोठ्या हरणांसाठी किमान १०० ग्रेन वजनाची अट होती, आणि ०.२४३ वापरणाऱ्यांपुढे पेच असा उभा राहिला की तांब्याची गोळी घ्यावी तर वजन कमी भरते आणि वजन भरावे तर गोळी सरळ जात नाही. अखेर २०२३ मध्ये ती मर्यादा ८० ग्रेनवर आणली गेली. कमी वजनाची तांब्याची गोळी विखुरत नाही, खोल जाते, हे लक्षात घेऊन केलेला हा बदल मला शहाणपणाचा वाटतो. पण तो व्हायला अडतीस वर्षे लागली, हेही नोंदवले पाहिजे.

काडतुसांवरचे सगळेच निर्बंध जनावरासाठी नसतात, याचाही लेखकाला विसर पडला आहे. ओहायो आणि दक्षिण मिशिगन येथे २०१४ पासून हरणांसाठी सरळ भिंतीच्या कवचाची काडतुसे चालतात, बाटलीसारख्या मानेची वेगवान रायफल काडतुसे चालत नाहीत. कारण सपाट, दाट वस्तीच्या शेतजमिनीत चुकलेली गोळी किती दूर जाईल, ही तेथली चिंता आहे. तेथे कायदा ताकदीला खालून नव्हे, वरून मर्यादा घालतो. ब्रिटिश हिंदुस्थानात तर १९०७ च्या सुमारास ०.४५० व्यासाच्या काडतुसांवर बंदी आली ती लष्कराच्या चोरीस गेलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलींना त्याच व्यासाच्या गोळ्या मिळू नयेत म्हणून. वाघाच्या किंवा गव्याच्या वेदनेशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. लंडनच्या बंदूककारांनी लगोलग ०.४६५, ०.४७०, ०.४७५ अशी केसभर मोठी काडतुसे पुढे केली, आणि त्यांतले ०.४७० आजही हत्तीच्या रायफलींत टिकून आहे. आकड्यावर घातलेली बंदी आकडा बदलून चुकवता येते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

वॉल्टर बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने हजाराहून अधिक हत्ती मारले आणि त्यांतले बरेचसे ७ मिलिमीटरच्या रायफलीने मारले, हा दाखला किमान मर्यादेला विरोध करणारे नेहमी देतात. मला तो पटत नाही. हत्तीच्या मेंदूची जागा कोणत्याही कोनातून अचूक हेरणारा माणूस हा कायद्याचा मापदंड होऊ शकत नाही. कायदा थरथरत्या हाताच्या, पहिल्यांदाच म्हशीसमोर उभ्या राहिलेल्या माणसासाठी असतो. म्हणून किमान मर्यादा हवीच. वाद तिच्या मापाबद्दल आहे.

एक गोष्ट लेखकाच्या बाजूने मान्य करतो. वनरक्षकाला रानात नळीवर कोरलेले काडतुसाचे नाव वाचता येते. १०० मीटरवरची ऊर्जा त्याला तेथे मोजता येत नाही. व्यासाची अट टिकून राहिली आहे ती मुख्यतः या सोयीमुळे. पण कारखान्यात भरलेल्या काडतुसांच्या खोक्यावर गोळीचे वजन आणि बहुधा वेगही छापलेला असतो, आणि मंजूर काडतुसांची यादी काढून वनरक्षकाच्या हाती देणे अवघड नाही. घरी स्वतः काडतुसे भरणाऱ्यांचा प्रश्न तेवढा उरतो.

तेव्हा लेखातील ०.३७५ विषयीचे विधान आफ्रिकेतील काही देशांच्या, आणि तेही धोकादायक जनावरांच्या संदर्भापुरतेच खरे आहे, अशी दुरुस्ती आपण पुढील अंकात छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक