हे ठरवून घेतलेलं आजारपण नाही

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही विचारलंत की भांडण सुरू झालं आणि लगेच एवढी माणसं आजारी कशी पडायला लागली, हे सगळं ठरवून तर चाललं नाही ना. आमच्या मॅनेजमेंटलाही हीच शंका आहे. पण पाळ्यांचा तक्ता मी लावते. कोण आलं नाही हे सगळ्यांत आधी मला कळतं आणि त्याच्या जागी कुणाला उभं करायचं हेही मलाच बघावं लागतं. त्यामुळे मला जे दिसतंय ते तुम्हाला नीट लिहून कळवायचं ठरवलं.

भांडण पाळ्यांच्या नव्या पद्धतीवरून आहे. जुना करार संपला आणि नव्याची बोलणी चालू असतानाच नवं वेळापत्रक नोटीस बोर्डावर लागलं. युनियनने ओव्हरटाइम बंद केला, मॅनेजमेंटने रजा मंजूर करणं जवळपास थांबवलं. आता दोन्ही बाजू एकमेकांना वकिली भाषेत पत्रं पाठवतात. बोलणी होतात, फिसकटतात, पुढची तारीख पडते.

ठरवून आजारी पडण्याचे प्रकार होतात, नाही असं नाही. जिथे संपाला बंदी असते तिथे सगळ्यांनी एकाच दिवशी सिक लीव्ह टाकायची, हा जुना मार्ग आहे. अमेरिकेत पोलिसांच्या अशा सामूहिक आजारपणाला त्यांच्या निळ्या गणवेशावरून ‘ब्लू फ्लू’ असं नावच पडलं आहे. पण तसली रजा लगेच ओळखू येते. एका दिवशी अख्खी पाळी गायब असते आणि मुद्दा मांडून झाला की सगळे परत हजर. आमच्याकडे माणसं एकेक करून गळतायत. युनियनमध्ये नसलेलेही त्यात आहेत आणि ज्यांनी नव्या वेळापत्रकाची बाजू घेतली असे दोन सुपरवायझरही आहेत. त्यांनी कुणाच्या सांगण्यावरून आजारी पडायचं?

माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंचं सांगते. वर्षानुवर्षं त्यांच्या नावापुढे रजेची खूण क्वचितच पडलेली. हल्ली त्या बाह्या ओढून मनगटं झाकतात, कारण दोन्ही मनगटांवर पुरळ उठलंय आणि खाजवून खाजवून ते सोललं आहे. टेबलावरचा फोन वाजला की त्यांचे खांदे वर जातात आणि बराच वेळ खाली येत नाहीत. एकदा सकाळी त्या गेटपर्यंत आल्या आणि तिथूनच त्यांनी मला फोन केला, ‘आत पाय टाकवत नाही गं.’ मी त्यांना घरी जायला सांगितलं. त्यांच्या सर्टिफिकेटवर त्वचेचा विकार लिहिला आहे. तो खराच आहे, पण तो कशाने झाला ते कागदावर येत नाही.

बाबा, तुम्हाला आकडे लागतात, म्हणून या विषयावर मिळेल ते वाचते आहे. ब्रिटिश संशोधक मायकेल मार्मट आणि इतरांनी लंडनच्या सरकारी नोकरांचा अभ्यास केला. पहिला अभ्यास १९६७ साली सुरू झाला, दुसरा १९८५ मध्ये, त्यात दहा हजारांहून जास्त माणसं होती. सगळ्यांची नोकरी पक्की, उपचारांची सोय सगळ्यांना सारखी. तरी हुद्दा जितका खालचा तितका हृदयविकार जास्त. सिगारेट, रक्तदाब वगैरे हिशेबात धरूनही त्यातला बराच फरक उरतोच. दुसऱ्या अभ्यासात असं दिसलं की ज्यांच्या हातात आपल्या कामाबद्दल काही ठरवण्याची मुभा कमी, त्यांना धोका जास्त. आमचं भांडण नेमकं यावरच तर आहे. कधी यायचं, कधी जायचं, घरच्यांना कधी वेळ द्यायचा, हे न विचारता ठरवलं गेलं.

त्याहून मला हलवून टाकलं ते फिनलंडच्या अभ्यासाने. १९९० च्या दशकातल्या मंदीत तिथल्या नगरपालिकांनी नोकरकपात केली. संशोधकांनी जे कामावर राहिले, म्हणजे वाचले, त्यांच्याकडे पाहिलं. एका गावात, जिथे कपात मोठी होती तिथे डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवरची आजारपणाची रजा किरकोळ कपात झालेल्या ठिकाणांच्या दुपटीहून जास्त निघाली. नंतर चार गावांची आकडेवारी २००४ मध्ये आली. मोठ्या कपातीनंतर कायम कर्मचाऱ्यांची रजा वाढली होती, तात्पुरत्यांची नाही. आणि मोठी कपात झाली तिथे हृदयविकार, पक्षाघात अशा कारणांनी होणारे मृत्यू सुमारे दुप्पट. हे वाचल्यावर मी आमच्या कंत्राटी मुलांच्या हजेरीकडे पाहिलं. त्यांची हजेरी भरलेली आहे. ती धडधाकट आहेत म्हणून नव्हे. कालच एक मुलगा तापाने फणफणलेला असताना कामावर बसला होता. घरी जा म्हटलं तर म्हणाला, ‘मॅडम, माझी रजा कोण धरतंय?’ मॅनेजमेंटकडे जाणाऱ्या अहवालात मात्र त्याच्या नावापुढे शंभर टक्के लागतात.

यावर मॅनेजमेंटने उपाय काय शोधला असेल? रजांना गुण द्यायचे. ब्रॅडफर्ड फॅक्टर म्हणून एक सूत्र आहे, बऱ्याच कंपन्या वापरतात. वर्षभरात माणूस किती वेळा आजारी पडला त्या आकड्याचा वर्ग करायचा आणि त्याला एकूण दिवसांनी गुणायचं. सलग १० दिवस रजा घेतली तर १ × १ × १०, म्हणजे १० गुण. तेच दहा दिवस एकेक करून घेतले तर १० × १० × १०, म्हणजे १०००. गुण एका मर्यादेपुढे गेले की चौकशीचं पत्र. त्यामुळे ज्याला एक दिवस पडून राहिलं की बरं वाटलं असतं, तो अंग मोडून येताना कामावर येतो, शेजारच्याला लागण देतो, आणि अंथरूण धरलंच तर पुरे पंधरा दिवस उठत नाही. आजार दडवायला लावणारं हे सूत्र आहे आणि मी ते मनापासून चुकीचं मानते.

मग तक्ता. बारा जणांच्या पाळीत तिघं नसली की नऊ जण बाराचं काम ओढतात. ओव्हरटाइम बंद आहे, म्हणून तेवढ्याच तासांत ओढतात. त्यांतले दोघं पुढच्या आठवड्यात पडतात. कामाच्या ओझ्याने एवढं होतंच, पण बरोबरीच्या माणसांमधला विश्वास उडालाय त्याचं मला जास्त वाईट वाटतं. डबे खायच्या खोलीत आता दोन टेबलं झाली आहेत. जो बरा होऊन परत येतो त्याच्याकडे दोन्ही टेबलांवरून लोक बघतात, हा खरंच आजारी होता का म्हणून. तब्येतीची चौकशी करायचंच बंद झालंय.

आई, तू म्हणालीस, सोडून दे ही नोकरी. तुझी काळजी कळते गं. माझी झोप हल्ली तुटक आहे, रात्री जाग आली की डोक्यात पाळ्या फिरतात. डॉक्टरांना दाखवलंय, ते लपवणार नाही. पण आत्ता मी बाजूला झाले तर तक्ता दुसऱ्या कुणाच्या हातात जाईल आणि ती बाई गेटवरून फोन करेल तेव्हा तिला काय उत्तर मिळेल, ते मला माहीत आहे.

आणि मार्ग नाही असंही नाही. नर्सेसवरचा एक अभ्यास आहे, जेराल्ड ग्रीनबर्ग यांचा, २००६ सालचा. काही हॉस्पिटलांत पगाराची पद्धत बदलली, नर्सेसचं उत्पन्न घटलं आणि त्यांची झोप उडाली. पण जिथल्या सुपरवायझरना माणसांशी आदराने वागायचं, बदल का झाला ते मोकळेपणाने सांगायचं, असं प्रशिक्षण दिलं तिथे निद्रानाश बराच कमी राहिला, सहा महिन्यांनंतरसुद्धा. पगार तेवढाच कमी होता. म्हणजे करार होईपर्यंत वाट बघत बसायला नको. उद्या सकाळपासून करता येईल असं काही आहे.

गुरुवारी दोन्ही बाजूंची एकत्र बैठक आहे आणि पाळ्यांची माहिती द्यायला मला बोलावलंय. मी गेल्या वर्षीचे आणि यंदाचे तक्ते शेजारी शेजारी ठेवणार आहे, नावं झाकून. बोलणी संपेपर्यंत रजांचे गुण मोजणं थांबवा, कंत्राटी मुलांना आजारपणाची भरपगारी रजा द्या आणि वेळापत्रकात बदल करायचा तर निदान चार आठवडे आधी सांगा, एवढं मागणार आहे. कराराचं काय ते युनियन बघेल, तो माझा विषय नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२२ मध्ये सुरक्षित आणि निरोगी कामाची जागा हा कामगारांचा मूलभूत हक्क म्हणून मान्य केला. तेही सांगेन, पण भर तक्त्यांवरच देईन. मॅनेजमेंटमधल्या साहेबांचीही दोन माणसं त्यात आहेत. त्यांना ती झाकलेल्या नावांतूनही ओळखू येतील असं वाटतं.

बाबा, तुम्ही इतकी वर्षं बैठकांना बसलात. बोलताना माझा आवाज चढतो हे तुम्हाला ठाऊक आहे. सुरुवात आकड्यांनी करू की त्या बाईंच्या मनगटांपासून, हे मला बुधवारपर्यंत फोन करून सांगा.

तुमची,
लेक